भाकरी, भात आणि बटाटा ताटाच्या मध्यभागी: तेल-दुधाविना आहाराची सुरुवात कशी करावी

वजन किंवा रक्तातील साखर वाढली की पुण्यातल्या घरात सर्वांत आधी भातावर आणि बटाट्यावर गदा येते. तूप, फोडणी, दाण्याचे कूट, फरसाण आणि दिवसातून तीन-चारदा होणारा दुधाचा चहा मात्र जागच्या जागी राहतो. येथे ज्या आहाराविषयी लिहायचे आहे त्याचा क्रम नेमका उलटा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहू, मका, बटाटा, रताळे, डाळी आणि कडधान्ये हे पिष्टमय पदार्थ त्यात पोटभर खायचे असतात आणि त्यांच्या जोडीला भाज्या व फळे घ्यायची असतात. मांस, मासे, अंडी, दूध व दुधाचे सर्व पदार्थ, तेल, तूप, मैदा आणि साखर यांना त्यात जागा नाही. शेंगदाणे, तीळ, खोबरे हे वनस्पतिजन्यच असले तरी त्यांत स्निग्धांश भरपूर असल्याने ते चवीपुरते वापरायचे.

या विचाराचा आधुनिक प्रसार ज्यांनी केला त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकी डॉक्टर जॉन मॅकडूगल. 1970च्या दशकात ते हवाईमधील उसाच्या मळ्यांवरील कामगारांवर उपचार करत होते. चीन, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समधून आलेली, भात आणि भाज्यांवर जगणारी वडीलधारी पिढी म्हातारपणीही सडपातळ आणि धडधाकट असल्याचे त्यांना दिसले. त्याच कुटुंबांतील मुले-नातवंडे मात्र अमेरिकी पद्धतीचे खाऊ लागल्यावर लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार यांच्या वाटेला गेली होती. हे निरीक्षण आहे, पुरावा नव्हे. परंतु ऊस तोडणाऱ्या माणसांच्या भाताच्या ताटाकडे पाहून एखाद्या डॉक्टरने भाताला दोष द्यायचे थांबवावे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळची वाटावी.

नंतरच्या काळात काटेकोर प्रयोगही झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 20 जणांना संस्थेतच ठेवून प्रत्येकाला दोन आठवडे कमी स्निग्धांशाचा वनस्पती-आहार आणि दोन आठवडे अत्यल्प पिष्टाचा, मांसाहारप्रधान आहार दिला. दोन्ही वेळी हवे तितके खाण्याची मुभा होती. वनस्पती-आहाराच्या काळात ही माणसे दिवसाला सुमारे 690 कॅलरी कमी खात होती आणि तरीही उपाशी असल्याची तक्रार करत नव्हती. त्याच प्रयोगात या आहारावर जेवणानंतरची साखर अधिक चढत होती, हेही नमूद केले पाहिजे. मधुमेह असलेल्या वाचकाने ही दुसरी गोष्ट पहिलीइतक्याच गांभीर्याने घ्यावी.

कमी कॅलरीत पोट भरण्याचे कारण साधे आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे जेमतेम 14 ग्रॅम वजन आणि सुमारे 120 कॅलरी. तेवढ्याच कॅलरी एका मध्यम आकाराच्या उकडलेल्या बटाट्यात असतात, पण बटाट्याने पोटात जागा भरते आणि तेलाने भरत नाही. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 130 कॅलरींच्या आसपास, तर 100 ग्रॅम तेलात जवळजवळ 900. भाजीत चार चमचे तेल जास्त पडले तर ते डोळ्यांना दिसत नाही आणि पोटालाही कळत नाही. म्हणून या आहारात मोजून-मापून खाण्याऐवजी पदार्थ कोणता, याकडे लक्ष द्यावे लागते.

सुरुवात करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, तसेच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पहिला बदलही करू नये. आहार बदलल्यावर काही जणांची साखर आणि रक्तदाब लवकर खाली येतात आणि औषधाची जुनी मात्रा तशीच राहिली तर चक्कर येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना बटाटा, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील पोटॅशियम बाधू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्यासाठी हा आहार जसाच्या तसा लागू करण्याचा सल्ला मी देणार नाही. लहान मुलाचे पोट लहान असते आणि चोथा जास्त, स्निग्धांश कमी अशा जेवणातून त्याला पुरेशी ऊर्जा मिळत नाही.

सर्वांनी करून घ्यावी अशी तपासणी ब जीवनसत्त्व 12ची आहे आणि ती पुणेकरांनी तर टाळूच नये. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. धान्य, भाज्या, फळे यांत ते भरवशाने मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून या भागातील माणसांमध्ये, गावांत तसेच शहरात, ब 12ची कमतरता किती खोलवर पसरली आहे हे पुढे आले. दूध-दही घेणाऱ्या शाकाहारी घरांतही जर ते कमी पडत असेल तर दूध सोडल्यावर काय होईल, याचा अंदाज करता येतो. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण, रक्तक्षय ही त्याची लक्षणे होत, आणि मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती भरून येईलच असे नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब 12 आणखी घटते. रोजची गरज 2 ते 2.5 मायक्रोग्रॅम इतकी अल्प असली तरी गोळीतून शोषण थोडेच होते, म्हणून गोळीतील मात्रा त्याहून पुष्कळ मोठी असते. ती डॉक्टरांनी ठरवावी. स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्ये किंवा आंबवलेले पीठ यांवर ब 12साठी विसंबून राहू नये. याच तपासणीत ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यावे.

बाजारहाट

पुण्यात राहणाऱ्याला या आहारासाठी परदेशी धान्य शोधत फिरावे लागत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, मावळचा इंद्रायणी, मुळशीचा आंबेमोहोर, भोर-वेल्ह्याकडची नाचणी आणि खेड-आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा हे सारे आपल्या आजूबाजूचेच आहे. तांदूळ शक्यतो हातसडीचा घ्यावा, पण घरात ज्येष्ठांना तो चावत नसेल तर पांढऱ्या तांदळात डाळ आणि भाज्या वाढवून शिजवावे. तेवढ्यासाठी सगळा बेत मोडू नये. गहू गिरणीतून दळून आणावा आणि कणीक चाळून कोंडा फेकू नये. ज्वारी आणि विशेषतः बाजरी एका वेळी आठवडाभर पुरेल इतकीच दळावी, कारण बाजरीचे पीठ लवकर कडू होते आणि त्या कडवटपणामुळेच अनेक घरांतून बाजरी हद्दपार झाली आहे.

मटकी, मूग, चवळी, हुलगे, मसूर, वाटाणा, हरभरा, वाल यांपैकी चार तरी कडधान्ये घरात असावीत. तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटावर घटकांच्या यादीत कुठेतरी पामतेल पुष्कळदा असते, त्यामुळे ती यादी वाचण्याची सवय लावून घ्यावी. सैंधव मीठ आरोग्यदायी म्हणून आजकाल सरसकट वापरले जाते. दूध आणि मासे दोन्ही बंद असताना आयोडीनचा खात्रीचा मार्ग आयोडीनयुक्त मीठ हाच उरतो, म्हणून रोजच्या स्वयंपाकात तेच ठेवावे.

साबुदाण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तो पिष्टमय आहे, पण कंदातून चोथा आणि प्रथिने बाजूला काढून उरलेले ते जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, आणि खिचडी करताना त्यात तूप व कूट सढळ हाताने पडते. एकादशीला किंवा चतुर्थीला उकडलेले रताळे, भगर, राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर असा बेत केला तर उपवासही पाळला जातो आणि आहारही.

तेलाविना फोडणी

खरा अडथळा येथे आहे. मराठी स्वयंपाकाचा वास फोडणीतून येतो आणि तेल बंद म्हटले की जेवण आजाऱ्याचे होणार, अशी भीती वाटते. ती खरी ठरत नाही, मात्र त्यासाठी पद्धत नीट समजून घ्यावी लागते. मटकीच्या उसळीचे उदाहरण घेऊ.

जाड बुडाची, शक्यतो लोखंडी कढई मध्यम आचेवर चांगली तापवून घ्यावी आणि त्यात कोरडीच मोहरी टाकावी. ती थोड्या वेळात तडतडू लागते. मग जिरे घालावे. जिरे लवकर जळते म्हणून ते नंतर, आणि त्याचा रंग बदलताच बारीक चिरलेला कांदा लगेच टाकावा. कांद्याला स्वतःचे पाणी सुटते, ते आटले की तो बुडाला धरू लागतो. नेमक्या त्या क्षणी दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने बूड खरवडावे, म्हणजे धरलेला तांबूस थर कांद्यातच मिसळतो. असे तीन-चार वेळा केले की कांद्याला तेलात परतल्यासारखा रंग आणि गोडवा येतो. घाई करून सुरुवातीलाच वाटीभर पाणी ओतले तर कांदा नुसता उकडतो, आणि तेलाविना भाजी बेचव होते अशी तक्रार बहुतेक वेळा या घाईतून आलेली असते.

यानंतर ठेचलेले आले-लसूण, कढीपत्ता, हिंग आणि हळद घालावी. हिंग आणि हळद चमचाभर पाण्यात कालवून टाकल्यास करपत नाहीत. मोड आलेली मटकी घालून दोन मिनिटे परतावी, बेताचे पाणी घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्यावी. शेवटी गोडा मसाला, आमसूल, चवीपुरता गूळ, मीठ आणि भरपूर कोथिंबीर. गोड्या मसाल्यात तीळ-खोबरे असते. चमचाभर मसाल्यातून येणारा स्निग्धांश इतका थोडा असतो की त्यावर खल करत बसू नये. तेलाचा थर नसला की मीठ आणि आंबट जिभेला अधिक लागते, म्हणून मीठ नेहमीपेक्षा कमी घालून चाखावे.

याच रीतीने आमटी, पिठले, बटाट्याची भाजी, पातळ भाजी सर्व होते. पोह्यांसाठी कांदा असा परतून त्यात मटार आणि बटाट्याच्या फोडी वाफवून घ्याव्यात आणि भिजवलेले पोहे घातल्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे, नाहीतर ते कोरडे आणि घशाला लागणारे होतात. थालीपीठ तापलेल्या लोखंडी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजावे. पिठात किसलेली काकडी किंवा दुधी घातला की ते मऊ राहते. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर कोरडे भाजून मीठ घालून खलबत्त्यात ठेचले की ठेचा तयार. वांगी मात्र तेलाशिवाय परतून फारशी चांगली होत नाहीत, असे माझे मत आहे. त्यांचे भरीत करावे.

भाकरीला तर मुळातच तेल लागत नाही. गरम पाण्यात भिजवलेले पीठ तळहाताने रगडून मळायचे, थापायचे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पूर्ण सुकण्याआधी उलटायची आणि दुसरी बाजू भाजली गेली की विस्तवावर फुगवायची. फुगल्यावर वरचा पापुद्रा सुटतो आणि त्यावर तुपाची किंवा लोण्याची सवय असते तेथे पातळ आमटी किंवा ओला ठेचा लावावा. घडीच्या पोळीत घडीघडीला तेल लागते, म्हणून तिच्याऐवजी मोहन न घालता फुलके करावेत.

ताट कसे वाढावे आणि किती खावे

ताटाचा निम्मा भाग भाकरी, भात, फुलके किंवा बटाटा-रताळे यांनी भरावा, उरलेल्या निम्म्यात पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर, आणि सोबत वाटीभर आमटी किंवा उसळ. वजन उतरवायचे असेल तर भाज्यांचा वाटा थोडा वाढवावा. कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू पिळावे, ताकाच्या जागी आमसुलाचे सार घ्यावे.

पहिल्या आठवड्यांत नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते आणि ती कमी खाण्याची. एका मध्यम भाकरीत सुमारे 200 कॅलरी असतात. तेल, तूप, दूध, फरसाण सर्व गेल्यावर जुन्या सवयीने दोनच भाकऱ्या खाऊन उठले तर चार वाजता भूक लागणार आणि हात वेफर्सकडे जाणार. तिसरी भाकरी निःसंकोच घ्यावी. कचेरीच्या डब्यात आणि घरच्या फ्रिजमध्ये उकडलेले बटाटे किंवा रताळी ठेवावीत; जिरेपूड, लिंबू आणि मीठ लावून खाल्ले की मधली भूक भागते.

सगळे एका दिवसात बदलू नये. आधी न्याहारी बदलावी: नाचणीची आंबील, तेलाविना पोहे, किंवा इडली-सांबार. दोन आठवड्यांनी रात्रीचे जेवण, मग दुपारचे. कडधान्ये एकदम वाढवली तर पोट फुगते, म्हणून ती आठ तास भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून आणि सुरुवातीला लहान वाटीनेच घ्यावीत. मोड आल्याने त्यांतील लोह शोषले जाण्यातला अडथळाही कमी होतो. दुधाचा चहा मी सर्वांत शेवटी सोडायला सांगेन, कारण त्यावरून घरात जितका वाद होतो तितका तुपावरूनही होत नाही. कोरा चहा गवती चहा आणि आले घालून केला तर बदल सोसवतो. कोणताही चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा, कारण तो लोहाच्या शोषणात आडवा येतो आणि लिंबू त्याला मदत करते.

प्रथिनांचा प्रश्न नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात. भारतीय शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. दिवसभरात 300 ग्रॅम धान्य आणि 100 ग्रॅम डाळी-कडधान्ये, दोन्ही कच्च्या वजनाने, पोटात गेली तर तेवढी प्रथिने होतात. डाळीचे हे प्रमाण आपल्या नेहमीच्या पातळ वरणाने भरत नाही, त्यासाठी दाट वरण आणि रोज एक उसळ हवीच. कॅल्शियमसाठी नाचणी अत्यंत उपयोगी आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. राजगिरा, मेथी आणि शेवग्याचा पालाही घ्यावा. पालकातील कॅल्शियम मात्र शरीराला फारसे मिळत नाही. ओमेगा-3 स्निग्धाम्लासाठी रोज चमचाभर जवसाची चटणी पुरते.

एकत्र कुटुंबात दोन स्वयंपाक करण्याची गरज नाही. आमटी-भाजी सर्वांसाठी कोरड्या फोडणीचीच करावी आणि ज्यांना हवे त्यांनी वरून तूप किंवा कच्चे तेल घ्यावे. मुलांच्या ताटात कूट आणि तिळाची चटणी राहू द्यावी, आणि त्यांच्या दुधाचा निर्णय बालरोगतज्ज्ञांना विचारून करावा. सासूबाई किंवा आई स्वयंपाक करत असतील तर हातातली तेलाची बुधली काढून घेण्यापेक्षा एखाद्या रविवारी उसळ स्वतः करून वाढावी.

बाहेर खाताना संपूर्ण पथ्य जमत नाही आणि त्याचा बाऊ करू नये. उडुपी हॉटेलात इडली सर्वांत सोयीची. मिसळ घ्यायची झाल्यास तर्री आणि फरसाण नको म्हणून सांगता येते, पण पाव मैद्याचाच असतो. लग्नकार्यात साधा भात, तूप न घालता वरण, लिंबू आणि काकडी यांवर निभावते, आणि पंगतीत आग्रह होणार असेल तर निघण्यापूर्वी घरी एक भाकरी खाऊन जावे.

तीन महिन्यांनी साखरेची सरासरी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि ब 12 पुन्हा तपासावे. मधुमेही व्यक्तींनी मात्र पहिल्या दिवसापासून घरच्या यंत्रावर जेवणाआधीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेवावी आणि ती भातावर, भाकरीवर आणि बटाट्यावर वेगवेगळी कशी वागते ते पाहावे. ज्या पदार्थाने ती फार चढते त्याचे प्रमाण कमी करून त्या जागी उसळ आणि पालेभाजी वाढवावी, आणि ती वही तपासणीच्या अहवालासोबत डॉक्टरांपुढे ठेवावी, म्हणजे गोळीची मात्रा त्यांना अंदाजाने नव्हे तर नोंदीवरून ठरवता येईल.